समासातले डाग

कुडाळजवळच्या पिंगुळी गावात, ठाकर समाजातील एका वयोवृद्ध सूत्रधाराच्या (त्यांना मी काका म्हणतो) घरी, मी गेल्या उन्हाळ्यात चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाण्याच्या लोककलेच्या, एका जुन्या पोथीची छायाचित्रे काढली. काम एका संस्थेने दिले होते आणि तिची मागणी स्पष्ट होती: प्रत्येक चित्राची स्वतंत्र प्रतिमा, चित्राच्या चौकटीपर्यंत क्रॉप केलेली, पार्श्वभूमी पांढरी. ठरल्याप्रमाणे मी ते काम पूर्ण करून दिले. तरीही त्या संध्याकाळी जे पाहिले त्यावरून संस्थेशी सुरू झालेला पत्रव्यवहार अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मनातूनही ते जात नाही.

चित्रकथीची पोथी बांधलेली नसते. सुट्या कागदांवर काढलेली चित्रे, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली, आणि एका आख्यानाचा एक गठ्ठा, अशी तिची रचना असते. सूत्रधार वीणा, टाळ आणि हुडुक हे छोटे चर्मवाद्य यांच्या साथीने कथा गातो आणि एकेक चित्र लाकडी फळीला टेकवून लोकांसमोर धरतो. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ही कला वाढली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रे आहेत, आणि पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरच्या लोकांचे लक्ष या गावाकडे अधिक वळले आहे. मात्र पोथी जीर्ण झाली की तिचे विधिपूर्वक विसर्जन करण्याची रीत असल्यामुळे, आज घरात असलेली जुनी पोथी आणखी काही वर्षांनी असेलच असे नाही. म्हणूनच हे काम मला तातडीचे वाटले.

सपाट चित्राचे छायाचित्र काढणे सोपे असते, असा समज आहे. प्रत्यक्षात कॅमेरा कागदाला काटकोनात नसेल तर चौकट तिरकी येते. दोन्ही बाजूंचे दिवे पंचेचाळीस अंशांत आणि समान अंतरावर नसतील तर एक कड उजळते, आणि त्यात घरातल्या ट्यूबचा प्रकाश मिसळला तर मूळचा तांबडा रंग विटकरी दिसतो. म्हणून खिडक्यांवर काळे कापड लावले आणि पहिल्या चित्राशेजारी रंगपट्टी व मोजपट्टी ठेवून नोंद घेतली. दमट हवेने कागद वळले होते, पण वर काच ठेवणे शक्य नव्हते, कारण काचेला रंगाचे पोपडे चिकटून येतात. शिवाय पोथी देवासमान मानली जात असल्याने ती जमिनीवर ठेवायची नाही, असे काकांनी आधीच बजावले होते. त्यांच्या सूनबाईंनी देव्हाऱ्यापाशी दिवा लावला, नारळ ठेवला, आणि मी कॅमेऱ्याखाली पाट मांडून त्यावर धुतलेले कापड अंथरले. कागदाच्या कडा दाबायला वाळूच्या लहान पिशव्या नेल्या होत्या. काकांनी त्या बाजूला सारल्या आणि प्रत्येक कागदाचे एक टोक स्वतः बोटाने धरून ठेवले.

काम संपवून मी दिवे उतरवू लागलो तेव्हा काका म्हणाले, "ह्ये कागद झाले. पोथी अजून सांगूक नाय."

टाळावर मुलगा आणि हुडुकावर पुतण्या बसला, आणि काकांनी हरिश्चंद्राचे आख्यान लावले. मी ध्वनिमुद्रक सुरू करून त्याचे घड्याळ कॅमेऱ्याच्या घड्याळाशी जुळवून घेतले, म्हणजे कोणत्या ओळीला कोणते चित्र समोर होते हे नंतर सेकंदागणिक कळते. राजाच्या शिकारीची, घोड्यांची चित्रे त्यांनी झरझर पुढे सरकवली. रोहिदासाचे कलेवर मांडीवर घेतलेली तारामती आली आणि त्यांचा हात थांबला. एकच ओळ ते परत परत गात होते, प्रत्येक वेळी थोडी खालच्या पट्टीत, आणि उजव्या हाताचा अंगठा कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर दाबलेला होता. तो अंगठा जिथे होता तिथे एक काळपट, तेलकट, लंबगोल डाग होता आणि अंगठा त्यात नेमका बसत होता.

रात्री लॉजवर मी सगळ्या प्रतिमा क्रमाने लावून फक्त खालचे कोपरे पाहिले. शिकारीच्या चित्रांचे कोपरे जवळजवळ कोरे होते. विश्वामित्राला राज्य देतानाच्या चित्रावर फिकट छटा होती. स्मशानातल्या तारामतीच्या चित्राचा कोपरा मात्र इतका झिजला होता की तिथे कोणीतरी हिशेबाच्या वहीचा तुकडा ठिगळासारखा चिकटवला होता, आणि त्या ठिगळावरही पुन्हा डाग पडला होता. कथा कुठे धावते आणि कुठे रेंगाळते, हे काकांच्या आधीच्या सूत्रधारांनी कुठेही लिहून ठेवलेले नाही, पण कागदाच्या समासात ते उमटलेले आहे.

संस्थेच्या नियमानुसार हा समास कापायचा असतो. मी अखंड कागदाच्या प्रतिमाही पाठवल्या तेव्हा "मळकट कडा संकेतस्थळावर बऱ्या दिसत नाहीत" असे उत्तर आले. त्यांच्या संगणकप्रणालीत प्रत्येक चित्राला स्वतंत्र क्रमांक असल्याने कोणते चित्र कोणाच्या पाठीला चिकटलेले आहे, हेही नाहीसे होते. ध्वनिमुद्रण "दुसऱ्या विभागाचे" ठरले. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांतल्या बऱ्याच आकृती कापून वेगळ्याच पार्श्वभूमीवर चिकटवलेल्या आहेत. माणसाला त्याच्या जागेपासून तोडून केलेली ती नोंद आज आपल्याला खटकते. कागदाला त्याच्या वापरापासून तोडणे मला तितकेच खटकते.

याच्या उलट टोकाला माझे काही व्यवसायबंधू आहेत. ते पिंगुळीत येतात, काकांसारख्यांच्या सुरकुत्यांचे जवळून कृष्णधवल फोटो घेतात आणि प्रदर्शनात त्याखाली "लोप पावती कला" असे लिहितात. त्या चेहऱ्याचा माणूस कोणती ओळ गातो, हे त्यांनी ऐकलेले नसते. चेहरा सुंदर आहे, यात वाद नाही. पण काकांचे मी काढलेले सर्वांत महत्त्वाचे छायाचित्र त्यांच्या अंगठ्याचे आहे. पणतीच्या उजेडात शटर संथ ठेवावे लागल्याने ते किंचित हललेले आहे, तरी नखाच्या कडेला बसलेला कागदाचा दुमड त्यात स्पष्ट दिसतो.

अखंड कागदांच्या प्रतिमा, प्रत्येक कागदाची पुढची-मागची जोडी आणि त्या त्या ओळीची वेळ लिहिलेला तक्ता, असा पूर्ण संच मी हार्डडिस्कवर काकांच्या घरी देऊन आलो आहे. त्यांचा नातू आख्यान शिकतो आहे आणि तक्ता समोर ठेवून आजोबा कुठे थांबतात ते ऐकतो, असे सूनबाईंनी फोनवर सांगितले. त्याच संस्थेकडून दुसऱ्या पोथीसाठी विचारणा आली आहे. समास कापायचा नाही आणि गायन त्याच नोंदीत जोडायचे, या दोन अटी मी दरपत्रकात लिहून पाठवल्या आहेत. उत्तर आलेले नाही.