पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला भेटून आलो
रशियात पीटर्सबर्गला येऊन हर्मिटेज संग्रहालय सोडून कुत्र्याचा पुतळा बघायला कोण जातं, असं म्हणून बायको तिकडे रांगेत उभी राहिली, पण बी.एड.ला अभिजात अभिसंधानाचा प्रश्न (घंटी वाजवून खाणं देत राहिलं की पुढे नुसत्या घंटीनेही कुत्र्याला लाळ सुटते, असा पुस्तकातला रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हचा प्रयोग) घोकून घोकून लिहिलेला माणूस मी, म्हटलं एकदा बघूनच येतो. पेत्रोग्राद्स्काया मेट्रोला उतरून चालत गेलो. अकादमिक पाव्हलॉव्ह रस्ता, 12 नंबर, प्रायोगिक वैद्यक संस्था. रशियन येत नाही, गेटवरच्या काकांना नुसतं "पाव्हलॉव्ह, सबाका" म्हटलं (सबाका म्हणजे कुत्रा), ते हसले आणि हाताने रस्ता दाखवला.

स्मारक 1935 चं. वर कुत्रा बसलाय, खाली प्रयोगशाळेतले प्रसंग कोरलेत आणि पाव्हलॉव्हचंच म्हणणं लिहिलंय, मोबाईलवर भाषांतर केलं तर अर्थ असा की विज्ञानासाठी कुत्र्याचा बळी गेला तरी विनाकारण हाल होता कामा नयेत. वाचून जरा अवघडलो. कारण त्यांना 1904 चं नोबेल मिळालं ते पचनावरच्या कामाला, आणि त्यात कुत्र्याची अन्ननलिका कापून गळ्याशी बाहेर काढायचे, तो खात राहायचा, घास खाली पडत राहायचा, पोटात काही न जाताही जठररस सुटायचा. तो रस गाळून अपचनावर औषध म्हणून विकायचे सुद्धा!

आणि ती घंटी? पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत जास्त करून मेट्रोनोम (तालात टिकटिक करणारं यंत्र), बझर, दिवा, अंगाला हलका स्पर्श असलं वापरायचे. आम्ही मात्र वर्षानुवर्षं फळ्यावर घंटीच काढतोय.

मला खरी चटका लावून गेली ती सप्टेंबर 1924 च्या पुराची गोष्ट, यायच्या आधी वाचलेली. नेवा नदीचं पाणी 3.8 मीटर चढलं, कुत्र्यांचे पिंजरे बुडायला लागले, दारं पाण्याखाली, मग माणसांनी कुत्र्यांची डोकी पाण्यात दाबून त्यांना दारातून ओढून काढलं आणि पोहत प्रयोगशाळेत नेलं. जीव वाचला पण काहींचं शिकलेलं सगळं पुसलं गेलं. एकाला हळूहळू परत ताळ्यावर आणलं आणि मग मुद्दाम दाराखालून पाण्याची बारीक धार आत सोडली, तर तो पुन्हा सैरभैर, शिकलेलं पुन्हा गायब. एवढ्याशा धारेने!

निघताना भुरभुर सुरू झाली. पुतळ्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं, फोटो काढून बायकोला पाठवला. तिचा रिप्लाय आला, "लाळ का?"