कार्डही ठीक, मदरबोर्डही ठीक

संगणक दुरुस्तीच्या कामात ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार इतक्या वेळा कानावर पडते, की ती ऐकताच हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो आणि समोरचा माणूस त्यापुढे काय सांगतो आहे याकडे दुर्लक्ष होते. त्या दिवशी माझेही तसेच झाले. संगणक घेऊन आलेल्या गृहस्थांनी सांगितले होते, की ते तीन महिने परगावी होते, जाताना त्यांनी सगळ्या वायरी काढून ठेवल्या होत्या आणि परतल्यावर पहिल्यांदा बटण दाबले तेव्हापासून मॉनिटर काळाच आहे. यातला मॉनिटर काळा असल्याचा भाग तेवढा मी ऐकला. वायरी काढून ठेवल्याचा भाग मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठवला.

यंत्र विजोड होते. मदरबोर्ड आणि प्रोसेसर बऱ्यापैकी अलीकडचे, पण ग्राफिक्स कार्ड २०११च्या सुमाराचे, आधीच्या संगणकातून काढून ‘सध्या चालेल’ म्हणून बसवलेले. आणि तात्पुरत्या वस्तूंचे होते तसे ते चार वर्षे तिथेच राहिलेले. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नव्हते, त्यामुळे चित्र यायचे तर ते या कार्डातूनच येऊ शकत होते. बटण दाबले की पंखे फिरत, कार्डाचाही पंखा फिरे आणि मदरबोर्डाच्या कोपऱ्यातल्या चार लहान दिव्यांपैकी ‘व्हीजीए’ असे लिहिलेला दिवा लागून तसाच राही. म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांची तपासणी पार पडली होती आणि गाडी ग्राफिक्सपाशी अडली होती.

नेहमीचे सगळे करून पाहिले. कार्ड काढून त्याचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, स्लॉटमधली धूळ उडवली, केबल आणि मॉनिटर बदलले. कार्डाला स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटखेरीज सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ वॅट लागतात, म्हणून ती जोडणी घट्ट आहे ना आणि तिथे १२ व्होल्ट येतात ना, हे मल्टिमीटरने पाहिले. शेवटी बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमच्या, सेटिंग पुसून टाकल्या. हा आमचा रामबाण उपाय. काही सुचले नाही की आम्ही हाच करतो. दिवा तसाच लागलेला.

मग कार्ड काढून माझ्या टेबलावरच्या एका जुन्या मदरबोर्डवर लावले, तर लख्ख चित्र आले. उलट, माझ्याकडचे नवे कार्ड या संगणकात लावले, तर तिथेही पहिल्याच फटक्यात चित्र आले. दोघेही ठणठणीत आणि एकत्र आले की अबोला. अशा वेळी ‘कार्ड जुने आहे, स्लॉटला जुळत नाही’ असे सांगून ग्राहकाच्या गळ्यात नवे कार्ड मारणे सोपे असते आणि तो मोह मलाही झाला, हे कबूल केले पाहिजे. पण ते कारण खरे नव्हते. पीसीआय एक्स्प्रेसच्या नव्या पिढीच्या स्लॉटमध्ये जुन्या पिढीचे कार्ड चालावे अशीच त्या मानकाची रचना आहे. दोघे आपसात ठरवून कमी वेगावर येतात. काही जोड्यांमध्ये ही बोलणी फिसकटतात, म्हणून नवे कार्ड लावलेले असतानाच मी सेटिंगमध्ये जाऊन स्लॉटची पिढी हाताने खाली आणली आणि जुने कार्ड पुन्हा बसवून पाहिले. काही फरक पडला नाही.

त्याच फेरीत सेटिंगच्या पहिल्या पानावर तारीख कित्येक वर्षे मागची दिसत होती. मी ती पाहिली आणि ‘सेटिंग आपणच पुसल्या, त्यामुळे घड्याळही मागे गेले’ असे म्हणून सोडून दिली. पुरावा माझ्याच हाताने पुसला गेला होता, म्हणून तो पुरावा आहे हेच मला दिसले नाही.

नवे कार्ड तिसऱ्यांदा बसवून मी एकेक पान सावकाश वाचत गेलो, तेव्हा बूटच्या पानावर ‘सीएसएम’ बंद असलेले दिसले आणि कोडे उलगडले. कार्डावर एका छोट्या चिपमध्ये त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम असतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होण्याआधीचे चित्र त्याच्या जोरावर उमटते. जुन्या कार्डांतला हा प्रोग्रॅम १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायोसच्या १६ बिटांच्या पद्धतीने लिहिलेला असतो. नवे मदरबोर्ड बायोसच्या जागी आलेल्या यूईएफआय पद्धतीने सुरू होतात आणि त्यांना कार्डाकडून ‘जीओपी’ नावाचा वेगळा ड्रायव्हर हवा असतो. २०१२मध्ये विंडोज ८ सिक्युअर बूटसह, म्हणजे खात्रीच्या प्रोग्रॅमनेच संगणक सुरू होऊ देणाऱ्या सोयीसह, आले, त्या सुमारास कार्डांमध्ये हा ड्रायव्हर येऊ लागला. त्याआधीच्या बहुतेक कार्डांत तो नाही. सीएसएम, म्हणजे कम्पॅटिबिलिटी सपोर्ट मॉड्यूल, हा या दोघांमधला दुभाषा. तो चालू असेल तर यूईएफआय मदरबोर्ड जुन्या कार्डाचा प्रोग्रॅम चालवून घेतो आणि बंद असेल तर कार्ड जागेवर असूनही मदरबोर्डाच्या लेखी ते मुकेच. या मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये सीएसएम बंद होते. म्हणजे ज्याने हा संगणक जोडला त्याने चार वर्षांपूर्वी ते मुद्दाम चालू केले असणार. मालकांना त्याची गंधवार्ताही नव्हती. यातला खरा पेच असा, की ही सेटिंग बदलायची तर पडद्यावर चित्र हवे आणि चित्र यायचे तर सेटिंग आधी बदललेली हवी. हाताशी दुसरे कार्ड नसते, तर मी तिथेच अडकलो असतो.

सीएसएम चालू करायचे तर सिक्युअर बूट बंद करावे लागते. डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असेल तर अशा बदलानंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकते, म्हणून आधी मालकांना फोन करून तसे कुलूप नसल्याची खात्री करून घेतली. पहिल्या प्रयत्नात मी घाईने सगळेच ‘लेगसी’वर, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीवर, टाकले. जुने कार्ड लावताच चित्र आले खरे, पण पडद्यावर बूट करण्याजोगे साधन सापडत नसल्याचा संदेश होता. कारण डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची होती आणि तिच्यावरचे विंडोज यूईएफआयनेच सुरू होणार होते. मग ग्राफिक्सपुरते लेगसी आणि डिस्कसाठी यूईएफआय, अशी वेगवेगळी निवड केली आणि विंडोज उघडले. अर्धा दिवस सत्कारणी लागला असे मानून मी वायर काढली आणि संगणक फडताळावर ठेवून घरी गेलो.

सकाळी मालकांना दाखवण्याआधी एकदा सुरू करून पाहिला, तर मॉनिटर काळा आणि व्हीजीएचा दिवा लागलेला.

तेव्हा मला मालकांचे वायरी काढून ठेवल्याचे ते वाक्य आठवले. मदरबोर्डवरच्या सीआर२०३२ बटण सेलचे काम वीज जोडलेली नसतानाच सुरू होते. वायर भिंतीला लागलेली असेल तर संगणक बंद असला तरी एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतून, येणारी वीज घड्याळाला पुरते, त्यामुळे सेल मरत आला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. सेल मोजला, तर ३ व्होल्टच्या जागी जेमतेम २.१ भरले. कार्डांची अदलाबदल करताना काही मिनिटे त्याने कशीबशी तग धरली होती. रात्रभर धरवली नाही. तीन महिने वायर काढलेली असताना सेटिंग मूळ पदावर गेल्या, सीएसएम बंद झाले आणि कार्ड मुके झाले. माझ्या रामबाण उपायाने तर आधीच पुसलेली पाटी पुन्हा पुसली होती.

नवा सेल घातला आणि सेटिंग पुन्हा बदलून त्या बायोसच्या प्रोफाइलमध्ये जतन केल्या. नंतर वायर काढून संगणक दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी पहिल्या बटणाला चित्र आले. मालक न्यायला आले, तेव्हा मी त्यांना सांगितले, की बायोस अपडेट केला तरी हेच पुन्हा घडू शकते आणि मदरबोर्ड बदलायची वेळ आली तर या कार्डाला तिथे दुभाषा मिळेलच असे नाही, कारण २०२०पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून घेण्याचा मनसुबा इंटेलने २०१७मध्येच जाहीर केला होता. कार्ड बदलणार का, असे विचारल्यावर ते म्हणाले, “सध्या चालेल.”

मी कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ‘सीएसएम चालू ठेवणे’ असे लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि नोंदवहीत बिघाडाच्या रकान्यात ‘बटण सेल’ एवढेच लिहिले.