एल्फिन्स्टनमधली वाडी

२०१८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर प्रभादेवीची पाटी लागली, तरी परळला टॅक्सीवाल्याला 'एल्फिन्स्टन' म्हटलं की कळतं. गंमत म्हणजे आपला हा 'टन'वाला उच्चार नावाच्या मुळाला धरून आहे.

इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'स्टोन' दिसतो आणि तिथेच फसगत होते. एल्फ म्हणजे यक्ष, स्टोन म्हणजे दगड, झाला यक्षाचा दगड! पण नाव तोडलंय भलत्याच जागी. 'स' आधीच्या शब्दाचा आहे, षष्ठीचा, आपला 'ची'. मागे उरतो तो जुन्या इंग्रजीतला 'टून': वस्ती, वाडी. पुढे माणसाचं नाव. म्हणजे एल्फिनची वाडी. जुन्या स्कॉटिश कागदांत शेवटी 'टून' लिहिलेलं सापडतं. म्हणून आडनावाचा अर्थ लावताना सगळ्यात जुनं स्पेलिंग आधी शोधावं. जर्मनीच्या हेल्फेन्स्टाइन घराण्याशी जोडलेली कथा ही घराण्याला झळाळी द्यायची नेहमीची हौस.

ही वाडी एडिनबराच्या पूर्वेला, ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनेंटजवळ आहे. तिथले जमीनदार गावाच्या नावाआधी 'डी' लावत, म्हणजे आपला 'कर'. पुढे घराणं स्टर्लिंगच्या बाजूला एअर्थला गेलं आणि तिथल्या जमिनीलाही तेच नाव पडलं. चिपळूणकरांनी पुण्यात वाडा बांधून त्याला चिपळूण म्हणावं, तसं. म्हणून नकाशावर दुसरं एल्फिन्स्टन दिसलं की ते मूळ गाव समजू नये. तिथे आडनाव आधी, गाव नंतर.

मुंबईतही दोन एल्फिन्स्टन साहेबांची गल्लत होते. कॉलेज माउंटस्टुअर्टच्या नावाचं, मुंबईचा गव्हर्नर १८१९ ते १८२७. स्टेशन त्याचा पुतण्या जॉनच्या, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, गव्हर्नर १८५३ ते १८६०.

कुणाचा माग काढायचा तर स्कॉटलंडची सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १८५५ पासून, इंग्लंडची १८३७ पासून. त्याआधी चर्चची दप्तरं. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत 'एन/३' मालिकेत आहेत. शोधताना पूर्ण नाव टाकू नका. शेवटचा 'ई' कधी असतो, कधी नसतो, मध्ये 'जी'ही घुसतो. स्पेलिंगची पहिली चार अक्षरं (Elph) आणि पुढे तारांकन (*), एवढं बहुतेकदा पुरतं.