चांदणीची दुडकी

घोडा शिकवणाऱ्या माणसाला मराठीत चाबूकस्वार असा जुना शब्द आहे आणि शहादा तालुक्यातली म्हातारी माणसे मला अजूनही त्याच नावाने हाक मारतात. या शब्दातला चाबूक मला कधीच मानवला नाही. परंतु गेल्या माघातल्या एका सकाळपर्यंत, हाती चाबूक न घेताही मी माझ्या घोड्यांना बराचसा धाकातच ठेवत होतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. ती सकाळ मला जशी घडली तशी लिहून ठेवायची आहे.

चांदणी ही काठेवाडी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आमच्याकडे आली. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी ही यात्रा एकमुखी दत्ताची असली तरी खानदेशात तिची ओळख घोड्यांचा बाजार म्हणूनच आहे, आणि तेथे गिऱ्हाईक घोड्याचे दात, अंगावरचे केसांचे भोवरे आणि नाच या तीन गोष्टी हमखास पाहतो. चांदणीचे वय सात, रंग कुमाईत म्हणजे तांबूस तपकिरी, कपाळावर नखाएवढा पांढरा टिळा आणि कानांची टोके एकमेकांना टेकणारी. चार लगीनसराया ती नवरदेवाला पाठीवर घेऊन वाजंत्रीपुढे नाचली होती. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गृहस्थांनी ती आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी घेतली आणि थेट माझ्या दारात आणून बांधली, कारण मुलीला ड्रेसेज हा घोडेस्वारीचा क्रीडाप्रकार शिकायचा होता.

मुलीच्या या हट्टामागे एक बातमी होती. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसेजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीतले भारताचे हे १९८२ नंतरचे पहिलेच सुवर्ण. सुदीप्ती इंदूरची, म्हणजे आमच्या सातपुड्याच्या आणि नर्मदेच्या पलीकडची, एवढे जवळचे नाते त्या मुलीला पुरेसे होते. तिने वर्तमानपत्रातले छायाचित्र कापून वहीत चिकटवले होते आणि ती वही ती मला दर भेटीत दाखवत असे.

ड्रेसेज या फ्रेंच शब्दाचा अर्थ घोड्याला शिकवून तयार करणे एवढाच आहे. स्पर्धेचे मोठे मैदान ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते, लहान ४० बाय २०. कडेला ठरावीक अक्षरे लावलेली असतात. कोणत्या अक्षरापाशी चाल बदलायची, कोठे वर्तुळ घ्यायचे, कोठे थांबायचे हे आधीच ठरलेले असते, आणि परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतात. केळीच्या बागेलगत आमची काळी जमीन पावसाळ्यात पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मी तिच्यावर मुरूम आणि वर वाळू टाकून लहान मैदान केले आहे, त्याच्या रेघा फक्कीने आखतो आणि अक्षरे तेलाच्या रिकाम्या डब्यांवर रंगवली आहेत.

चांदणीची अडचण समजण्यासाठी नाच आणि ड्रेसेज यांतले साम्य आणि भेद सांगितला पाहिजे. ड्रेसेजमध्ये पियाफ नावाची एक अवघड चाल आहे. तीत घोडा जागच्या जागी दुडकी चालल्यासारखा कर्णरेषेतले दोन-दोन पाय आळीपाळीने उचलतो. वरातीतला घोडाही जागच्या जागी पाय आपटतो, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला दोन्ही एकच वाटेल. परंतु पियाफमध्ये घोड्याचा पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, खाली जातो, मागचे पाय पोटाखाली येऊन भार उचलतात आणि पाठ कमानीसारखी वर येते. वरातीच्या नाचात लगाम खेचून मान उभी धरलेली असते, पाठ खोगिराखाली खोल दबते, पुढचे पाय धरणी बडवतात आणि मागचे पाय मागेच ओढले जातात. उभ्या घोड्याच्या वजनाचे पाचात तीन वाटे मुळातच पुढच्या पायांवर असतात. त्यातला काही भार मागे नेणे, तोही पाठ न दुखवता, यासाठी ड्रेसेजची सगळी वर्षे लागतात. नाचाने चांदणीला याच्या नेमके उलटे शिकवले होते. शेपूट फटकारत, पांढरा डोळा दाखवत नाचणारी घोडी लोकांना आनंदात आहे असे वाटते, आणि त्या समजुतीचे मला फार वाईट वाटते.

तिच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुन्या जखमांचे कडक वण होते. काटे असलेल्या कडीचा, म्हणजे तोंडात बसणाऱ्या लोखंडी तुकड्याचा, लगाम वापरण्यास १९६५ च्या नियमांनी देशात बंदी घातलेली आहे, तरी असे वण मला दरवर्षी एखाद्या तरी घोड्याच्या तोंडात दिसतात. मी तिला मधे सांधा असलेली गुळगुळीत कडी दिली, पहिले दोन महिने पाठीवर बसलोच नाही आणि तिला लांब दोरीने काव्यावर धरले, म्हणजे माझ्याभोवती वर्तुळात फिरवले. तेवढे दिवस बरे गेले.

खरी अडचण मी वर बसल्यावर सुरू झाली. सर्वसाधारण घोड्याला स्वाराच्या पोटरीचा स्पर्श झाला म्हणजे पुढे जा असे कळते. चांदणीला त्याच स्पर्शाचा अर्थ नाच असा शिकवलेला होता. मी पाय लावला की मान वर, पाठ खाली आणि टापा जागच्या जागी. पाय काढून घेतला की ती सुटल्यासारखी पळे, आणि मी लगाम आवळला की पुन्हा नाच. पुढचे वर्षभर मी रोज पाऊण तास बसलो आणि रोज रात्री वहीत लिहिले: वर्तुळ बिघडले, डाव्या हाताला मान कडक, सी अक्षरापासून एम पर्यंत चार वेळा चाल तुटली. त्या वहीत उणिवांशिवाय दुसरे काही नाही. खोगीर घेऊन गेलो की घोडी तोंड कोपऱ्यात घालून माझ्याकडे पुठ्ठा करी, आणि मीही तबेल्याकडे जाताना आधी दुसरे एखादे काम उरकून घेऊ लागलो होतो. ज्या कामासाठी मी शहरातली नोकरी सोडून गावी आलो, त्याचाच मला कंटाळा येत होता, हे मी त्या काळात कोणालाही सांगितले नाही.

त्या दरम्यान मी लिस हार्टेल या डॅनिश स्वारीणबाईंचा विचार पुष्कळ केला. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्याखाली निकामी झाले होते, घोड्यावर चढताना मदत लागे, आणि तरीही १९५२ साली हेलसिंकीला, स्त्रियांना ऑलिंपिक ड्रेसेज खुले झाले त्याच वर्षी, त्यांनी रौप्यपदक मिळवले. पोटरीचा उपयोग नसताना त्यांची घोडी ऐकत असे, ती बसणीच्या वजनावर. मग ज्या घोडीला पोटरीचाच धसका आहे तिच्यावर मी पाय सैल सोडून, केवळ वजनाने आणि श्वासाने का बसू नये, असे मला वाटले. आठवडाभर मी तसा प्रयत्न केला. घोडी थोडी निवली, पण माझे हात मात्र पूर्वीसारखेच घट्ट होते.

माघातल्या त्या सकाळी थंडी बरीच होती आणि केळीच्या पानांवरून दव टपकत होते. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार आप्पा फाटकापाशी खरारा धूत बसले होते. मी डाव्या हाताचे २० मीटरचे वर्तुळ घेत होतो आणि दुडकी जेमतेम जुळत होती, इतक्यात रस्त्यावरून वाजंत्री ऐकू आली. गावातला एक नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता, आणि त्याच्यापुढे बँड आणि दोन ढोल होते.

ढोलाची पहिली थाप पडली तशी चांदणी माझ्याखाली अंगभर आखडली. मान माझ्या छातीपर्यंत आली, पाठ दबली आणि चारही टापा वाळूत बडवू लागल्या. चौदा महिन्यांत जे काही झाले होते ते त्या एका थापेत गेले असे मला वाटले. हात सवयीने लगाम आवळायला निघालेच होते, तेवढ्यात मला तिचा डावा कान दिसला. उजवा कान ढोलाकडे ताणलेला होता. डावा मात्र पूर्ण मागे, माझ्याकडे वळलेला होता. काठेवाडी घोड्याचा कान कसा फिरतो हे मी रोज पाहतो, परंतु एक कान ढोलाला आणि एक कान मला, अशी विभागणी मी प्रथमच पाहिली. घोडी नाचत होती खरी, पण नाचता नाचता ती मला विचारत होती. इतके महिने ती विचारत आली असेल आणि मी प्रत्येक वेळी लगाम आवळून नाच असेच उत्तर दिले असेल, हे त्या क्षणी मला स्वच्छ कळले.

मी बोटे उघडली. लगाम वीतभर पुढे जाऊ दिला, खोगिरात जड झालो आणि सावकाश श्वास सोडला. वर्तुळ कोठे जाते, अक्षर कोणते आले, याकडे मी पाहिले नाही. सहा-सात टापा तिने आणखी बडवल्या. मग मान हळूहळू पुढे आणि खाली लांबवली, लांब फुरफुरली आणि निघाली. ढोल वाजतच होता, आणि ती त्याच्या ठेक्यावर चालत नव्हती, स्वतःच्या चालीने चालत होती.

खोगिराखाली घोड्याची पाठ वर येते म्हणजे काय होते, हे न बसलेल्या माणसाला सांगणे कठीण आहे. आधी स्वार लाकडी फळीवर आपटत असतो. नंतर तीच फळी जणू भरून येते, गरम होते, आणि प्रत्येक पावलाला स्वाराला उचलून पुन्हा हळुवार खाली ठेवते. दुडकीचे दोन ठोके मला कमरेत स्पष्ट मोजता येत होते, आणि दोन ठोक्यांच्या मधे जो क्षणभर घोडा अधांतरी असतो, तो तिच्यात मी प्रथम अनुभवला. ती कडी सावकाश चघळत होती आणि ओठांवर पांढरा, मऊ फेस आला होता. मी उजवीकडे नुसते पाहिले आणि घोडी उजवीकडे वळली. मी हसत होतो, हे मला आप्पांच्या चेहऱ्यावरून समजले. ते खरारा खाली ठेवून उभे राहिले होते. आप्पा अहिराणीत म्हणाले, ‘‘भाऊ, आते हाई तुन्हं ऐकी राहिनी.’’ मी त्यांना सांगितले की आप्पा, आज मीच तिचे ऐकले. त्यावर ते काही बोलले नाहीत, केवळ मान हलवली.

एवढे मिळाल्यावर आणखी थोडे घेऊ, आता पोटरी लावून पाहू, असा मोह होतो, आणि घोडा शिकवण्यातला माझ्या मते सर्वांत मोठा घात तेथेच होतो. मी मैदानाच्या दोन फेऱ्या घेतल्या, दुडकी सोडून साध्या चालीवर आलो आणि उतरलो. जेमतेम अठरा मिनिटे झाली होती. तंग सैल केला, तिने डोके माझ्या खांद्याला घासले आणि फेस माझ्या सदऱ्यावर पुसला. त्या रात्री वहीत उणिवांच्या जागी मी फक्त तिचा डावा कान काढला.

दुसऱ्या दिवशी ती दुडकी आली नाही. मी तिची वाट पाहिली, घोडीबरोबर चालीवरच फिरलो, वाळूवरच्या आमच्या टापांच्या खुणा बघितल्या, आणि आले नाही म्हणून मला वाईटही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी वही घेऊन मुलगी आली होती. तिला मी फाटकापाशी आप्पांच्या शेजारी उभे केले आणि अक्षरांकडे पाहू नकोस, घोडीच्या कानांकडे पाहा, एवढेच सांगितले. चौथ्या वर्तुळाला चांदणीने मान लांबवली आणि फुरफुरली. त्या दुडकीची पावले मुलीने मोठ्याने मोजली. ती नऊ भरली.