दर चार सेकंदांनी

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज थेंब एकसारखे पडले. तीन आठवडे लागले.

चिप जुनीच आहे, अंगठ्याएवढी, पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराची, आत केसासारख्या बारीक वाहिन्या. मधल्या वाहिनीतून पाणी, दोन्ही बाजूंनी तेल. ५० मायक्रॉनच्या तोंडाशी तेल पाण्याला आवळतं, पाण्याची मान बारीक होत जाते आणि तुटते. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, सेकंदाला तीनशेच्या आसपास थेंब तुटत असतात. हायस्पीड कॅमेऱ्याचं चित्रण संथ करून बघावं लागतं. कितीदा पाहिलं तरी माझी नजर तिथून हटत नाही.

पहिला आठवडा भिंतींनी खाल्ला. चिप काचेवर बसवायला प्लाझ्मा (विद्युतभारित वायूचा झोत) दिला की पीडीएमएसला काही काळ पाण्याची ओढ लागते. तेलाने भिंत धरायची, तिथे पाणीच पसरायचं आणि थेंबांऐवजी ओघळ. रात्रभर ८० अंशांवर ओव्हनमध्ये ठेवली तेव्हा भिंती पुन्हा पाणी झटकायला लागल्या.

मग आकार. सरासरी ६० मायक्रॉन, पण फरक ९ टक्के. व्यासात ९ म्हणजे घनफळात २७ च्या घरात! आमच्या कामात प्रत्येक थेंब म्हणजे एक स्वतंत्र परीक्षानळी. नळ्याच लहानमोठ्या असतील तर आतल्या रेणूंची मोजणी करून काय मिळणार? घुसळूनच थेंब करायचे असते तर रवी पुरली असती, चिपचा खटाटोप कशाला?

मी चिपलाच दोष देत राहिले. साचा पुन्हा केला, तेलातल्या स्पॅन ८० चं (थेंबांना एकमेकांत मिसळू न देणाऱ्या साबणासारख्या द्रव्याचं) प्रमाण वाढवलं, तेलाचा वेग बदलला. काल संध्याकाळी चित्रणातून थेंबांचे आकार ओळीने काढले आणि आलेख मांडला, तर समोर लाट. थेंब मोठे होत जातात, लहान होत जातात, पुन्हा मोठे. दर चार सेकंदांनी.

चिपमध्ये चार सेकंदांचं काहीच नाही. तिथलं सगळं हजारांश सेकंदांत घडतं. चार सेकंदांची चाल होती सिरिंज पंपाची, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून पाणी-तेल चिपमध्ये सोडणाऱ्या यंत्राची. त्याची मोटर सलग फिरत नाही, पावलापावलाने सरकते. मी पाण्याला १० मिलिलिटरची जाड सिरिंज लावली होती. मिनिटाला २ मायक्रोलिटर एवढ्या संथ प्रवाहाला तिचा दट्ट्या जेमतेम हलतो, आणि प्रत्येक पावलाला पाण्याला एक ढकल बसते.

आज सकाळी १ मिलिलिटरची बारीक सिरिंज लावली. तेवढ्याच प्रवाहाला दट्ट्या नऊ-दहा पट वेगाने सरकतो, पावलं भराभर पडतात आणि प्रत्येक ढकल तितकीच लहान. एवढंच बदललं, बाकी कशाला हात लावला नाही. वीस मिनिटं थांबले, प्रवाह स्थिर होऊ दिला, मग थेंब काचपट्टीवर घेतले.

मायक्रोस्कोपखाली ते आपणहून रांगेत बसले होते. प्रत्येकाभोवती सहा, मधाच्या पोळ्यासारखे. थेंब लहानमोठे असले की ही मांडणी लगेच विस्कटते, म्हणून मोजायच्या आधीच कळलं. तरी दोनशे मोजले. फरक २.२ टक्के.

सरांना फोटो पाठवला. त्यांनी लगेच विचारलं, "उद्या पुन्हा येतील का?"

तेलाची सिरिंज अजून १० चीच आहे. उद्या आधी तीही बदलते.