अनुदानाचा अर्ज आणि एका न्यायाधीशांचे पत्र

गेल्या पंधरवड्यात आलेले एक पत्र मी तीन वेळा वाचले. पूर्व युरोपातल्या एका लहान शहरातील न्यायाधीशांनी ते पाठवले होते आणि त्याचा मथितार्थ असा होता की, समोर दोन अर्थतज्ज्ञांचे दोन अहवाल आले तर त्यांपैकी कोणता मानावा आणि का मानावा हे मला निकालपत्रात नीट लिहिता येत नाही, तेवढे मला शिकवा. बावीस वर्षे न्यायदान केलेल्या माणसाने परक्या देशातील संस्थेला हे सहीनिशी लिहून द्यावे, याने मी अक्षरशः हलले.

मी ब्रसेल्सजवळच्या एका विद्यापीठात काम करते. गेले तीन महिने आमची चार जणांची तुकडी युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघाचा कारभार चालवणाऱ्या संस्थेकडे, पाठवायचा अनुदानाचा अर्ज तयार करत होती. सदस्य देशांतील न्यायाधीशांना स्पर्धा कायद्याचे, म्हणजे बाजारातील संगनमत आणि मक्तेदारी यांना आळा घालणाऱ्या कायद्याचे, प्रशिक्षण द्यायचे आणि त्याच्या खर्चाचा मोठा भाग आयोगाने उचलायचा, अशी ही योजना वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आमच्या लातूरकडे अनुदान म्हटले की ठिबकचे, विहिरीचे किंवा अतिवृष्टीचे, त्यामुळे आण्णांना फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, “न्यायाधीशांना कशाचं अनुदान गं? अन् साहेबांना शिकवणार तरी कोण?”

कारण सांगायला मला २००४ पर्यंत मागे जावे लागले. त्या वर्षी १ मे रोजी युरोपीय संघाचा २००३ चा पहिला विनियम लागू झाला आणि व्यापाऱ्यांचे संगनमत व बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीचे संघाचे नियम प्रत्येक देशातील साध्या न्यायालयालाही पूर्णपणे लागू करता येऊ लागले. त्यानंतर २०१४ मध्ये नुकसानभरपाईचा निर्देश आला; निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा नियम. ज्याला संगनमतामुळे जास्त किंमत मोजावी लागली, त्याला आपल्याच देशातील न्यायालयात भरपाई मागता यावी, हा त्याचा गाभा आहे. जुलै २०१६ मध्ये आयोगाने मालमोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना २९३ कोटी युरोंचा दंड केला. १९९७ ते २०११ अशी चौदा वर्षे त्यांचे संगनमत चालले होते. दंड आयोगाने केला, पण ज्या वाहतूकदारांनी त्या वर्षांत गाड्या विकत घेतल्या होत्या, त्यांचे भरपाईचे दावे निरनिराळ्या देशांतील न्यायाधीशांपुढे गेले.

खरी अडचण तिथे सुरू होते. संगनमत झाले हे आयोगाने ठरवलेले असते आणि त्याविरुद्ध निर्णय न्यायाधीशाला देता येत नाही. संगनमताने नुकसान होते हेही निर्देशाने गृहीत धरले आहे. मात्र ते किती झाले, हा आकडा न्यायाधीशालाच काढायचा असतो. त्यासाठी जी किंमत कधी अस्तित्वातच आली नाही, ती शोधावी लागते, म्हणजे संगनमत नसते तर गाडी कितीला मिळाली असती हे ठरवावे लागते. त्यातच कंपनी म्हणते की वाहतूकदाराने ती वाढीव किंमत भाड्यातून पुढे ढकलली, तेव्हा त्याचे नुकसान कुठे झाले? आण्णांना हे मी तुरीवरून सांगितले. तूर अडत्याकडून डाळ मिलकडे जाते आणि डाळ किराणा दुकानात येते. वाटेत कोणी भाव चढवला तर शेवटी तो कोणाच्या खिशातून गेला, याचा हिशेब प्रत्येक टप्प्यावर निराळा निघतो. ते त्यांना लगेच समजले. आमच्या लहानपणी एका बाजारात आमच्या सोयाबीनच्या ढिगाजवळ पाच खरेदीदार येत, पहिला बोली लावी आणि उरलेले चौघे मान फिरवून पुढच्या ढिगाकडे जात. त्या दिवशीची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, आण्णांनी अजून ट्रंकेत ठेवली आहे. मी या विषयाकडे वळले त्याचे मूळ त्या पट्टीत आहे, हे मी इथल्या सहकाऱ्यांना कधी सांगितलेले नाही.

अर्जाच्या यातायातीबद्दल फार लिहीत नाही. संस्थेचा नऊ अंकी ओळख क्रमांक लागतो, पानांची मर्यादा ओलांडली तर पुढची पाने परीक्षक विचारात घेत नाहीत, आणि अनुदान पूर्ण खर्चाचे कधीच नसते, उरलेला वाटा संस्थेने घालायचा असतो. अनुदानातून नफा होता कामा नये, हाही दंडक आहे. आपल्याकडे ठिबकचा संच आधी बसवून, बिल जोडून, खात्यावर पैसे येण्याची वाट पाहावी लागते. इथे काही रक्कम आधी मिळते आणि बाकीची अंतिम अहवालानंतर, एवढा फरक सोडला तर कागदांचा जाच मला ओळखीचाच वाटला.

मला थांबवले ते ‘गरजेचे विश्लेषण’ या एका रकान्याने. प्रशिक्षणाची गरज आहे असे अर्जदाराने नुसते म्हणून भागत नाही; ज्यांना शिकवायचे त्यांना काय येत नाही, हे पुराव्यानिशी मांडावे लागते. ते कळायचे तर त्यांनाच विचारायला हवे. मला हे अशक्य वाटले, उद्धटपणाचेही वाटले. न्यायाधीशाला पत्र लिहून “आपल्याला काय समजत नाही?” असे कोणत्या शब्दांत विचारायचे? सहा आठवडे मी तो मसुदा टाळला. माझ्या सहकारी बाईंनी शेवटी तो दहा मिनिटांत लिहून पाठवला, त्यात आडवळण नव्हते. त्याची उत्तरे आली आणि ती सगळी पत्रे आमच्या अर्जाचा सर्वांत मजबूत भाग ठरली. कोणाला साक्षीपुराव्यातील गोपनीय व्यापारी कागद कसे हाताळायचे हे हवे होते, कोणाला आयोगाचे मत मागवण्याची तरतूद केव्हा वापरावी हे विचारायचे होते, आणि एका न्यायाधीशांनी वर सांगितलेले पत्र लिहिले.

माझे काका तालुक्याच्या न्यायालयात बेंच क्लार्क होते. गावातील जुनी माणसे त्यांना शेवटपर्यंत पेशकारच म्हणत. काकांच्या घरी साहेबांविषयी बोलताना आवाज खाली यायचा. साहेबांना एखादी गोष्ट ठाऊक नसेल, ही कल्पनाच आम्हा मुलांच्या मनात कधी आली नाही. त्या घरातून आलेल्या माझ्यासारखीला ते पत्र वाचताना आधी संकोच वाटला, मग त्या न्यायाधीशांविषयी इतका आदर वाटला की त्यांच्या पत्राचे भाषांतर मी स्वतः केले, दुसऱ्या कोणाला करू दिले नाही.

यावरून आपल्याकडच्या न्यायाधीशांविषयी कोणी काही काढू लागले तर मात्र मी ते ऐकून घेणार नाही. काकांच्या न्यायालयात रोजच्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणे असायची. वाटणीचे दावे, बांधाची भांडणे, पोटगी, धनादेशाचे खटले. एवढे संपवून रात्री घरी निकालपत्र सांगणाऱ्या माणसाला कोणत्या रकान्यात लिहायला सांगायचे? शिवाय आपल्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम ६१ ने दिवाणी न्यायालयांना या विषयात मज्जावच केला आहे. तक्रार दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे जाते, आणि भरपाईचा अर्ज कलम ५३-एन खाली राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे. लातूरच्या न्यायाधीशापुढे हा प्रश्न कायद्यानेच येत नाही, तेव्हा त्याला तो येतो का हे विचारणे अन्यायाचे आहे. आणि मक्तेदारीविरुद्धचा आपला पहिला कायदा, ज्याची जागा पुढे या २००२ च्या अधिनियमाने घेतली, १९६९ चा होता. इटलीने स्वतःचा स्पर्धा कायदा १९९० मध्ये केला आणि मी जिथे राहते त्या बेल्जियमने १९९१ मध्ये. हे मी इथे जेवणाच्या टेबलावर दोनदा सांगितले आहे आणि पुन्हा सांगेन.

पण ढिगाजवळून मान फिरवून गेलेल्या त्या चौघांविरुद्ध दाद मागायला आण्णांनी दिल्ली गाठायची का, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तालुक्याच्या न्यायालयाचे दार त्यांना बंद असावे हे मला पटत नाही. उद्या ते दार उघडलेच, तर आत बसलेल्या न्यायाधीशांना हा हिशेब शिकवणारे कोणी लागेल. “तुझं शिकणं गावच्या काय कामाचं?” असे काकू विचारतात तेव्हा मी हेच सांगते. मी परत का येत नाही याचे हे पूर्ण उत्तर नाही, हे मला माहीत आहे. तरी त्यातला शब्दन् शब्द खरा आहे.

एका मुद्द्यावर आमच्या तुकडीत वादही झाला. स्पर्धा कायदा राबवणाऱ्या आयोगानेच न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाचा खर्च करणे मला खटकत होते. उद्या हेच न्यायाधीश आयोगाच्या निर्णयावर आधारलेले दावे ऐकणार. म्हणून वक्त्यांमध्ये अनुभवी न्यायाधीश निम्मे असावेत आणि दावेदार व कंपन्या अशा दोन्ही बाजूंचे वकील सारख्या संख्येने असावेत, असा मी आग्रह धरला. तो मान्य झाला आणि अर्जात गेला.

मुदत ब्रसेल्सच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी पाचची होती, म्हणजे गावाकडे साडेआठ. आम्ही चारच्या आधी अर्ज दाखल केला. आण्णांचा फोन जेवणानंतर ठरल्यासारखा आला. निकाल कधी लागेल, असे त्यांनी विचारले. काही महिने लागतील, असे मी म्हटले. मग त्या पत्र लिहिणाऱ्या न्यायाधीशांचे पुढे काय, त्यांना शिकवणार ना, असे त्यांनी दोनदा विचारले.