मागच्या जोडचाकांची पिकअप: आतला टायर तपासा

अमेरिकेत फोर्ड एफ-३५० किंवा रॅम ३५०० ची ‘ड्युअली’ (मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असलेली पिकअप) घेतात ती जड गूसनेक ट्रेलर, म्हणजे पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर, ओढायला. मागच्या चार चाकांत भार वाटला जातो, गाडी कमी डुलते. रिकामी असताना मात्र बर्फावर लवकर घसरते.

खरा धोका आतल्या टायरचा. त्याची हवा गेली तरी बाहेरचा टायर भार पेलतो, म्हणून वरून कळत नाही. मग जादा भाराने बाहेरचाही तापून फुटू शकतो. लाथ मारून अंदाज घेऊ नकाच! लांब नळीच्या गेजने, टायर थंड असताना हवा मोजा. जोडीतल्या टायरांच्या व्यासात पाव इंचाहून जास्त फरक नको. मोठा जास्त भार घेतो, लहान घासत जातो. मध्ये अडकलेले दगड काढा. चाक काढून बसवलं की १०० मैलांच्या आत नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळा.